दोन्ही बाजूंना सारखेच
(एकचल समीकरणांवरील पुस्तकाची प्रस्तावना)

‘बाजू बदलली की चिन्ह बदलते.’ शाळा सुटून तीस वर्षे झालेल्या माणसालाही बीजगणितातले एवढे एक वाक्य आठवते. बाकीचे बहुतेक पुसट झालेले असते. कुठेतरी क्ष होता, कंस होते, आणि शेवटी ‘म्हणून क्ष बरोबर अमुक’ असे लिहून खाली दोन रेघा मारायच्या होत्या. पण अधिक पाच उजवीकडे गेला की उणे पाच होतो, हे मात्र डोक्यात पक्के बसलेले असते. हे पुस्तक त्या एका वाक्याच्या पोटात शिरण्यासाठी लिहिले आहे. वाक्य खोटे नाही, त्याने उत्तरही येते. ते खरे का आहे, हे सांगायचे मात्र वर्गात बहुधा राहून जाते, आणि बीजगणित म्हणतात ते नेमके तिथेच असते.

साधे उदाहरण घेऊ: ३ क्ष + ५ = २०. पाच ‘तिकडे नेला’ की ३ क्ष = १५ उरते. आता तीनही तिकडे न्यायचा. नियम मनापासून पाठ केलेला एक मुलगा लिहितो, क्ष = १५ − ३ = १२. दुसरा जरा सावध असतो. गुणिलेचे भागिले होते हे त्याला आठवते, पण बाजू बदलल्यावर चिन्हही बदलायला हवे, म्हणून तो १५ ला उणे तीनने भागतो आणि क्ष = −५ असे मांडतो. दोघांनीही सांगितलेला नियम पाळला आहे. त्यांना ‘निष्काळजी’ म्हणून आपण मोकळे होतो, पण चूक त्यांच्या लक्ष देण्यात नाही. वस्तू इकडून तिकडे जातात हे जे चित्र त्यांच्यापुढे ठेवले गेले, ते चित्रच फसवे आहे.

पाच कुठेही गेलेला नसतो. दोन्ही बाजूंतून पाच वजा केले. डावीकडे ५ − ५ चे शून्य झाले, उजवीकडे २० − ५ उरले. ही मधली ओळ लिहायचा कंटाळा म्हणून गाळली गेली, आणि ती कधीच न पाहिलेल्या मुलाला वाटले की पाचाने बरोबरच्या चिन्हावरून उडी मारली. पुढे दोन्ही बाजूंना तीनने भागले. डावीकडे क्ष उरला, उजवीकडे पाच. दोन वेगळे नियम लागलेच नाहीत. दोन राशी समान असतील, तर दोहोंना सारखेच केल्यावर त्या समानच राहतील, एवढ्या एका समजुतीवर सगळे उभे आहे. ‘चिन्ह बदलते’ हा त्या समजुतीचा परिणाम आहे. परिणामालाच कारण मानले की गोंधळ सुरू होतो.

या गोंधळाचे मूळ पहिलीपर्यंत जाते. ‘आठ अधिक चार बरोबर किती?’ असे आपण लहान मुलाला विचारतो. ‘बरोबर’ म्हणजे आता उत्तर सांग, असा त्याचा समज होतो, आणि पुढची पाच-सहा वर्षे प्रत्येक उदाहरण तो समज घट्ट करत जाते. कॅल्क्युलेटरवरचे बटणही हेच शिकवते. मग वहीत ३ + ५ = ८ × २ = १६ − ४ = १२ अशी साखळी दिसू लागते. शेवटचे उत्तर बरोबर असते, म्हणून कोणी टोकत नाही. पण त्या ओळीचा अर्थ आठ म्हणजेच बारा असा होतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहावीच्या मुलांना ८ + ४ = ☐ + ५ हे उदाहरण दिले होते. चौकटीत १२ किंवा १७ लिहिणाऱ्यांचीच गर्दी झाली. बारा लिहिणाऱ्यांनी चिन्हानंतर लगेच उत्तर दिले, सतरा लिहिणाऱ्यांनी दिसेल ते सगळे मिळवून टाकले. चौकटीत सात हवेत. बेरीज त्या मुलांना येतच होती. ‘दोन्हीकडे सारखेच आहे’ हे विधान त्यांना वाचता येत नव्हते.

गंमत अशी की, हे चिन्ह माणसाच्या हाती फार उशिरा आले. वेल्समध्ये जन्मलेल्या रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली छापलेल्या पुस्तकात दोन समांतर रेघा काढल्या आणि कारण दिले की, यांच्याहून अधिक सारख्या अशा दोन गोष्टी असूच शकत नाहीत. समीकरणे मात्र त्याच्या तीन हजार वर्षे आधीपासून सुटत होती. ती कशी सुटत होती हे पाहिले, तर आजच्या मुलाची नेमकी अडचण कुठे आहे तेही कळते.

इजिप्तमधल्या आमेस नावाच्या लेखनिकाने इसवी सनापूर्वी १५५०च्या सुमारास नकललेला एक पपायरस आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १८५८ मध्ये तो लक्सर येथे विकत घेणाऱ्या हेन्री ऱ्हाइंड यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यातला चोविसावा प्रश्न असा: एक राशी आणि तिचा सातवा भाग मिळून १९ होतात, तर राशी कोणती? आमेस आधी सरळ सात धरतो, कारण साताचा सातवा भाग काढायला सोपा. सात आणि एक, आठ. हवे आहेत एकोणीस. आठाला कितीने गुणले की एकोणीस होतील, तेवढ्यानेच साताला गुणायचे. उत्तर येते १६ पूर्णांक ५/८. खोटे उत्तर मुद्दाम धरायचे आणि ते किती चुकले त्यावरून खरे काढायचे, ही युक्ती पुढे जगभर चालली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त तिला इष्टकर्म म्हटले आहे.

युक्ती सुरेख आहे, पण तिला मर्यादा आहे. ती चालते कारण राशी दुप्पट केली की बेरीजही दुप्पट होते. दोन्ही बाजूंना सुट्या संख्या आल्या की हे प्रमाण मोडते. भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणिता’तले प्रसिद्ध उदाहरण पाहा. एकाजवळ ३०० रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ त्याच किमतीचे दहा घोडे आहेत, पण डोक्यावर १०० रुपये कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत किती? किंमत १० धरली, तर पहिल्याकडे ३६० होतात आणि दुसऱ्याकडे शून्य. शून्याला कितीही गुणले तरी काही हाती लागत नाही.

मग काय करायचे? किंमत माहीत नाही तर नसू दे. तिला नाव द्यायचे आणि माहीत असल्यासारखे तिच्याशी वागायचे. भास्कराचार्य अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि थोडक्यात ‘या’ लिहितात. ज्ञात संख्येला ‘रू’. दोघांची संपत्ती ते एकाखाली एक मांडतात: वरच्या ओळीत या ६ रू ३००, खालच्या ओळीत या १० रू १००, आणि या शंभराच्या डोक्यावर ऋणाची खूण म्हणून एक बिंदू. बरोबरचे चिन्ह नाही. एकाखाली एक असणे हीच समानता. मग समशोधन. दोघांकडून सहा-सहा घोडे बाजूला काढले, तर पहिल्याकडे ३०० रुपये उरतात आणि दुसऱ्याकडे चार घोडे व शंभराचे कर्ज. दोघांना शंभर-शंभर रुपये दिले, तर दुसऱ्याचे कर्ज फिटते आणि पहिल्याकडे ४०० होतात. चार घोडे म्हणजे चारशे रुपये, एक घोडा शंभराचा. कोणतीही गोष्ट इकडून तिकडे गेली नाही. दर वेळी दोघांशी सारखाच व्यवहार झाला.

हा साचा भास्कराचार्यांच्याही आधीचा आहे. ४९९ सालच्या ‘आर्यभटीया’त एका श्लोकात तो सूत्रबद्ध झाला आहे: दोघांजवळ काही वस्तू आणि काही नाणी असून संपत्ती समान असेल, तर नाण्यांच्या फरकाला वस्तूंच्या फरकाने भागावे, म्हणजे वस्तूची किंमत मिळते. भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकी-गुणाकाराचे नियम घालून दिले आणि अज्ञात राशींच्या हिशोबाला भक्कम पाया मिळाला. त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने जो ग्रंथ लिहिला, त्यात समीकरणांचे सहा प्रकार करून प्रत्येकाची रीत दिली आहे. वजा असलेले पद दोन्हीकडे मिळवून भरून काढायचे आणि दोन्हीकडे सारखे असलेले काढून टाकायचे, या त्याच्याही दोन मुख्य क्रिया. पण तो सगळे शब्दांत लिहितो आणि ऋण संख्या समीकरणात एकटी ठेवत नाही, म्हणून त्याला प्रकार वेगवेगळे करावे लागले. ऋणाचे नियम हाताशी असणाऱ्याला एकच साचा पुरतो.

मराठी वाचकाला या परंपरेची आठवण घराजवळच मिळते. चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे १२०७ सालचा, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ स्थापल्याची नोंद त्या लेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रकाशात आणला. बीजगणित शिकवण्याची सोय व्हावी म्हणून दान दिले गेले आणि ते दगडावर कोरून ठेवले गेले, ही गोष्ट अभिमानापेक्षा जबाबदारी म्हणून लक्षात ठेवावी. घोड्यांचे उदाहरण आजही वर्गात चालते. समशोधनातला विचार मात्र आपण ‘चिन्ह बदला’ या तोंडी हुकुमापर्यंत आणून ठेवला आहे.

शिक्षक समीकरण समजावताना तराजू काढतात. दोन पारडी, दोन्हीकडून सारखी वजने काढायची. सुरुवातीला हे चांगले, आणि या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातही तराजू आहे. पण तो लवकर खाली ठेवावा लागतो. पारड्यात उणे शंभर ग्रॅम ठेवता येत नाहीत. भास्कराचार्यांनी वजनांऐवजी संपत्ती घेतली आणि तिच्यात कर्ज आणले, ही निवड म्हणूनच फार शहाणपणाची आहे. कर्ज कोणालाही समजावून द्यावे लागत नाही, आणि कर्ज काढून घेणे म्हणजे पैसे मिळणे, हेही ज्याने उधारी केली आहे त्याला ठाऊक असते. दुसऱ्या प्रकरणापासून आपण तोच मार्ग धरला आहे.

आता पुस्तकातल्या मुख्य म्हणण्याकडे येतो. समीकरण सोडवताना वहीत जी एकाखाली एक ओळी पडतात, त्यांपैकी प्रत्येक ओळ हे एक विधान आहे. ३ क्ष + ५ = २० हे विधान ज्या संख्येसाठी खरे, त्याच संख्येसाठी ३ क्ष = १५ खरे, आणि त्याच संख्येसाठी क्ष = ५ खरे. आपण विधान न बदलता त्याचे रूप सोपे करत जातो. इतके सोपे की शेवटी ते वाचले की उत्तर कळावे. यासाठी वरच्या ओळीवरून खालची निघणे पुरत नाही, खालच्या ओळीवरून वरचीही निघाली पाहिजे. दोन्ही बाजूंना शून्याने गुणले तर ० = ० येते. ते खरेच आहे, पण त्यावरून क्ष बद्दल काहीच उलगडत नाही. ५ क्ष = ३ क्ष या समीकरणात दोन्ही बाजूंना क्ष ने भागणारा मुलगा ५ = ३ वर पोहोचतो आणि भांबावतो. क्ष शून्य असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही, हे त्याने तपासले नाही. दोन्हीकडून ३ क्ष वजा केले असते, तर २ क्ष = ० आणि म्हणून क्ष = ० हे सरळ मिळाले असते.

हे नजरेत आले की पाठ्यपुस्तकांच्या कोपऱ्यात राहणारी दोन उदाहरणेही स्वच्छ होतात. क्ष + ३ = क्ष + ५ यातून ३ = ५ निघते. इथे पायऱ्या सगळ्या बरोबर आहेत; असा क्ष नाही, हेच त्याचे उत्तर. उलट २ (क्ष + १) = २ क्ष + २ हे कोणत्याही संख्येला खरे आहे. ‘उत्तर येत नाही’ म्हणून विद्यार्थी अशी उदाहरणे खोडतात. वास्तविक दोन्ही वेळा समीकरणाने अगदी स्पष्ट सांगितलेले असते.

एका जागी समीकरण आपल्यापेक्षा शहाणे ठरते, आणि ती जागा मला फार आवडते. वडील ४० वर्षांचे, मुलगी १२ वर्षांची. किती वर्षांनी वडिलांचे वय मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल? ४० + क्ष = २ (१२ + क्ष), म्हणून क्ष = १६; तेव्हा ते ५६ आणि ती २८. आता विचारा, किती वर्षांनी पाचपट होईल? ४० + क्ष = ५ (१२ + क्ष). सोडवले की क्ष = −५ येतो. पुष्कळ मुले इथे थबकतात आणि उणे चिन्ह गुपचूप पुसतात. पण उणे पाच वर्षांनी म्हणजे पाच वर्षांपूर्वी. तेव्हा वडील ३५ चे आणि मुलगी ७ ची होती. प्रश्न आपण चुकीच्या दिशेने विचारला होता. समीकरणाने तो दुरुस्त करून उत्तर दिले.

शाब्दिक उदाहरणांवर पुस्तकाचा जवळजवळ तिसरा भाग खर्च केला आहे. समीकरण सोडवता येणाऱ्यांचेही अडते ते मांडताना. ‘एका शिक्षकामागे ३० विद्यार्थी’ हे वाक्य चिन्हांत लिहायला सांगा. अनेक जण शि = ३० वि असे लिहितील, कारण वाक्यातले शब्द त्याच क्रमाने येतात. इथे शिक्षकांची संख्या शि आणि विद्यार्थ्यांची संख्या वि आहे; मोठी संख्या विद्यार्थ्यांची, तेव्हा वि = ३० शि. अशाच वाक्यावर अमेरिकेत अभियांत्रिकीचे पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही मोठ्या संख्येने चुकल्याचे १९८० च्या सुमारास दिसून आले. अक्षर हे माणसाचे किंवा वस्तूचे टोपणनाव नसते, ते एका संख्येचे नाव असते. म्हणून या पुस्तकात प्रत्येक उदाहरणाची पहिली ओळ ‘घोड्याची रुपयांतील किंमत क्ष मानू’ अशी पूर्ण लिहिली आहे, आणि ‘घोडा = क्ष’ असे कुठेही लिहिलेले नाही. विद्यार्थ्यांनीही तसेच लिहावे, असा माझा आग्रह आहे.

शेवटचे प्रकरण थोडे पुढे जाते. घोड्यांच्या उदाहरणात किंमत १० धरली तर दोघांच्या संपत्तीत ३६० चा फरक पडतो, २० धरली तर ३२० चा, ३० धरली तर २८० चा. किंमत दहाने वाढली की फरक दर वेळी चाळीसनेच कमी होतो. म्हणजे दोन वेळा चुकीचे उत्तर धरूनही खऱ्यापर्यंत जाता येते: ३२० चा फरक मिटवायला चाळीस-चाळीसचे आठ टप्पे लागतील, म्हणून २० मध्ये ८० मिळवायचे. आलेखावर हे बिंदू एका सरळ रेषेत बसतात आणि ती रेषा अक्षाला शंभरावर छेदते. बीजगणित आणि भूमिती यांची ही गाठ सतराव्या शतकात देकार्तने घट्ट बांधली. १६३७ च्या त्याच्या ‘भूमिती’ने अज्ञात राशींसाठी वर्णमालेतली शेवटची अक्षरे वापरण्याची प्रथाही रूढ केली.

एक अज्ञात राशी सोडवता आली की दोन, तीन आणि हजारो राशींकडे जाण्याचा मार्ग तोच आहे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे सीटी स्कॅन काढले गेले. क्ष-किरणाची एक तिरीप डोक्यातून आरपार गेली की वाटेतल्या सगळ्या ठिपक्यांनी मिळून किती किरण शोषले, एवढीच बेरीज कळते. प्रत्येक ठिपक्याने किती शोषले ते अज्ञात. वेगवेगळ्या दिशांनी अशा हजारो बेरजा घेतल्या की हजारो एकसामयिक समीकरणे तयार होतात, आणि ती संगणकाने सोडवली की चित्र मिळते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना या कामासाठी १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रत्येक समीकरण सुटे पाहिले, तर आठवीतल्या मुलीला ओळखीचे वाटेल.

हे पुस्तक सातवी ते नववीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि त्यांच्या शेजारी बसून अभ्यास घेणाऱ्या आई-वडिलांसाठीही. पालकांना एक विनंती. मुलाने मधली ओळ लिहिली तर ‘एवढे कशाला, डायरेक्ट तिकडे ने’ असे म्हणू नका. निदान पहिली तीन प्रकरणे ‘दोन्ही बाजूंतून ५ वजा करून’ हे शब्द उजवीकडच्या समासात लिहू द्या. कंटाळा आला की मूल स्वतःच ती ओळ गाळेल, आणि तेव्हा आपण काय गाळले हे त्याला ठाऊक असेल. शिक्षकांनाही एवढेच सुचवावेसे वाटते की, पायरी बरोबर पण आकडेमोड चुकलेली असेल तर पायरीचे श्रेय वेगळे द्यावे.

या पुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची दिलेली नाही. विसरून राहिलेली नाही. मुद्दाम दिलेली नाही. समीकरणाच्या उत्तराची परीक्षा समीकरणातच असते. क्ष च्या जागी १०० घाला: पहिल्याकडे ३०० आणि ६००, मिळून ९००, दुसऱ्याकडे हजारातून शंभर गेले, ९००. ताळा जमला. शाळेतल्या इतर विषयांत मुलाला आपले उत्तर बरोबर आहे का, हे बहुधा दुसऱ्याला विचारावे लागते. इथे बारा वर्षांच्या मुलीचे ‘बरोबर आहे’ हे म्हणणे तिच्या शिक्षकांच्या म्हणण्याइतकेच वजनदार असते, कारण दोघांकडे पुरावा एकच आहे. प्रत्येक उदाहरणानंतर ताळ्यासाठी मोकळी जागा सोडली आहे. ती रिकामी ठेवू नका.